गरम पाण्याची चौकशी

चौथा दिवस. आंघोळीची गोळी घेऊन
आम्ही दोघं फ्लिंडर्सच्या डोंगरात,
कोरड्या नदीच्या काठी, जुलैच्या थंडीत.
सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेची साय.
ट्रेलरच्या कुशीला टांगलेला हीटर
टिक टिक टिक करतो,
पेटत मात्र नाही.

मर्विनने तीस वर्षं वीजघरात बॉयलर राखला.
चार मजले उंच होता तो, म्हणतो,
आणि नुसता कण्हला तरी मला झोपेत कळायचं.
मग वीजघर बंद झालं. चिमणी पाडली तेव्हा
अख्खं गाव बघायला जमलं, सँडविच बांधून.
हा घरी बसून कात्र्यांना धार लावत होता.

आता बुटाच्या खोक्याएवढ्या हीटरसमोर
तो उकिडवा बसलाय,
आणि खोकं दाद देत नाही.

शेजारच्या कॅरव्हॅनमधून ब्रेन्टन आला,
हातात चहाचा मग, तोंडात निदान :
“रेग्युलेटर. शंभर टक्के रेग्युलेटर.”
मागोमाग राएलीन : “आमचे सेल गेले होते, बघा हं.”
एक दाढीवाला नाव न सांगताच
“नवा घ्या” म्हणून निघून गेला.
मर्विन प्रत्येकाला म्हणाला, “हं.”
त्याचं ‘हं’ मी चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय.
हे त्यातलं, दार लावून घेणारं.

सिलिंडर उचलून पाहिला. अर्धा तरी आहे.
“वरून गरम पाणी ओतलं की नक्की पातळी कळते,” तो म्हणाला.
“गरम पाणी?” मी विचारलं.
तो हसला नाही.
मग बऱ्याच वेळाने, पाठमोरा, खांद्यांनी हसला.

सेल बदलले, टॉर्चमधले काढून.
म्हणजे आता अंधार, आणि टिक टिक जरा जोरात.
पंप गुरगुरतो, पण पाण्याला जोर नाही :
बोअरचा चुना जाळीत घट्ट बसलेला.
तो खरवडला माझ्या टूथब्रशने.
माझ्याच. विचारलंही नाही.
मग निळी ज्योत आली,
आणि ओठांवर आलेलं नाव विसरावं
तशी गेली.

त्याने पाना खाली ठेवला. नीट, कापडावर.
“माझ्याच्याने होत नाही गं, डॉट.”
यावर काय बोलतात मला माहीत नाही.
मी क्रोशाची सुई आणली.

हीटरमधलं मला ओ की ठो कळत नाही,
पण अडकलेलं ओढायचं नसतं, सैल करायचं असतं,
एवढं लोकरीने शिकवलंय.
बर्नरच्या नळीतून आधी लाल भुकटी आली,
मग नखाएवढी मडकी, एकाला एक चिकटलेली.
कुंभारमाशी.
एक फुटलं, तर आत कोळी, इवलेसे, गुंगीतले,
पोरासाठी भरून ठेवलेली बेगमी.

मर्विनने ती उतरंड तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेली.
“बांधकाम बघ,” तो म्हणाला. “एक सांधा चुकलेला नाही.”
आणि चाचपडत जाऊन
गमच्या झाडाच्या सालीत, वारा लागणार नाही अशा जागी,
ठेवून आला.

मग धप्प. मग ती घरघर.
पलीकडून ब्रेन्टन ओरडला, “रेग्युलेटरच होता ना?”
“रेग्युलेटरच,” मर्विन म्हणाला.

आम्ही पाणी मोजून वापरणारी माणसं,
माणशी सहा लिटर, केस धुवायचे तर आठ.
टॉवेल गुंडाळून मी कुडकुडत उभी,
आणि तो फांदीला अडकवलेल्या शॉवरखाली
नुसता हात धरून.
बोटं उघडतो. मिटतो. उघडतो.
पाणी लाल मातीत जातंय, वाफाळत,
तीन लिटर गेलं असेल, चार.

साबण माझ्या हातात आहे.
घाई नाही.